रज्जाकची कबुली

खामगावच्या सरकारी दवाखान्यात, वरच्या मजल्यावरच्या पुरुषांच्या वॉर्डात, राज्यमंत्री दयाराम अवचार दारातूनच "काय म्हणते तब्येत सगळ्यांची?" असं म्हणाले, आणि खिडकीकडच्या खाटेवरचा एक माणूस उठून उभा राहिला. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. हाताला सलाइन होतं. त्याची नळी ताणली गेली, बाटली अडकवलेला स्टँड खडखडत त्याच्या अंगावर कलला, उशाशी बसलेली बाई घाबरून त्याचा सदरा धरून त्याला खाली ओढायला लागली, पण तो हटला नाही. दोन्ही हात मांड्यांना चिकटवून, मान जराशी वाकवून, आवाजाच्या दिशेला तोंड करून तो उभा राहिला. मागे डॉक्टर होते, कॅमेरेवाले होते, पक्षाची माणसं होती, आणि त्या सगळ्यांना तो मंत्र्यांसाठी उभा राहिला असंच वाटलं. जिल्हाभर ज्यांना अजूनही गुरुजीच म्हणतात त्या दयाराम अवचारांना मात्र तसं वाटलं नाही. मंत्री आला म्हणून उभी राहणारी माणसं त्यांनी रोज पाहिली होती. ती पुढे सरकतात, हात जोडतात, कोपरानं शेजारच्याला मागे सारतात. हा माणूस वर्गात गुरुजी आले म्हणून उभा राहिला होता.

"गुर्जी, मी रज्जाक," तो म्हणाला. "जानेफळचा, पिंजाऱ्याचा रज्जाक. आवाजावरून ओयखलं मी तुमाले."

गुरुजींनी पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला, बस म्हणाले. तो बसला नाही. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात, एकेक शब्द सुटा करत तो म्हणाला, "चूक माही हाये गुर्जी. तोंडाले फडकं नाही बांधलं मी. हातातबी काही घातलं नाही. तुम्ही सकाळी टीवीवर सांगतलं ते खरं हाये. दुसऱ्या कोनाची चूक नाही."

पत्रकारांतला एक जण म्हणाला, आवाज नीट आला नाही, पुन्हा एकदा सांगता का. आणि रज्जाकनं ते शब्द न् शब्द तसंच पुन्हा म्हटलं. गुरुजींचा हात त्याच्या खांद्यावरच होता. तो काढावा की तसाच ठेवावा हे त्यांना कळेना. सदऱ्याच्या आतून तापाची धग लागत होती. उशाशी बसलेल्या बाईनं, ती त्याची बायको शकीला, नवऱ्याचा सदरा आता सोडून दिला होता आणि ती नवऱ्याकडे नाही, कॅमेऱ्याकडे नाही, गुरुजींच्या त्या हाताकडे बघत होती.

सकाळी विश्रामगृहाच्या पायऱ्यांवर गुरुजी जे बोलले होते ते तसं पाहिलं तर खोटं नव्हतं. त्या वर्षी पावसाळा सरता सरता कपाशीत फवारणी करणारी माणसं शेतातच कोसळायला लागली होती. मळमळ, दरदरून घाम, मग डोळ्यांपुढे अंधार. काही घरी परत आली, काही आली नाहीत. वर्तमानपत्रांनी ओरड केली, विरोधकांनी राजीनामे मागितले, आणि मुंबईहून गुरुजींना सांगण्यात आलं की जिल्हा तुमचा आहे, तुम्हीच जा, तुमचं लोक ऐकतात. काय बोलायचं तेही सांगण्यात आलं. फवारताना तोंडाला रुमाल नाही, हातात मोजे नाहीत, वारा कुठून वाहतो ते बघत नाहीत. सरकारनं कुठे कुठे पुरं पडावं? गुरुजींनी ते वर्गात समजावून द्यावं तसं शांतपणे समजावून दिलं. त्यांना हे जमत असे म्हणून तर ते आज त्या पायऱ्यांवर उभे होते. जे सांगितलं नाही ते असं, की त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. पंप पाठीवर घेऊन वर तोंड करून फवारायचं, आणि फवारलेलं सगळं परत आपल्याच अंगावर यायचं. रुमाल असता तर तोही भिजून नाकाला चिकटला असता. आणि मेहकरच्या राजकुमारच्या कृषी केंद्रातून गावोगाव जे औषध गेलं होतं ते धड एक औषध नव्हतंच. दोन-तीन औषधं एकत्र ओतून, बाटलीवरचा कागद काढून, बोंडअळीवर हमखास म्हणून विकलेलं ते मिश्रण होतं. हे गुरुजींना माहीत होतं, कारण खुद्द राजकुमारनंच घाबरून त्यांना फोन केला होता. एवढ्या वेळेला सांभाळून घ्या गुरुजी, म्हणाला होता. त्याच्या गाड्या दर निवडणुकीत गुरुजींच्या मागेपुढे धावत. गुरुजी हो म्हणाले नव्हते. बघतो, म्हणाले होते. त्या 'बघतो'चा अर्थ काय होतो हे दोघांनाही ठाऊक होतं.

दवाखान्यातून निघून गाडी जानेफळच्या रस्त्याला लागली तेव्हा दोन्ही बाजूंना तीच कपाशी होती, काळपट हिरवी, माजलेली, आतला माणूस दिसू नये इतकी उंच. गुरुजींनी काच वर केली. शेजारी बसलेला स्वीय सहायक मोबाइलवर काही तरी बघून हसत होता. आपल्याला फार छान मिळालं सर, म्हणाला. काय मिळालं ते गुरुजींनी विचारलं नाही. त्यांच्या डोक्यात रज्जाकचा आवाज नव्हे तर त्याची बोलण्याची चाल घोळत होती, ते एकेक शब्द सुटा करणं, कारण ती चाल त्यांचीच होती, त्यांनीच ती त्याला शिकवली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत ते नोकरीला लागले तेव्हा प्रत्येक मास्तराच्या टेबलावर रूळ असे, आणि मुलं तळहात मांड्यांत दाबून बसत. गुरुजींनी पहिल्याच वर्षी आपला रूळ मुलांच्या देखत मोडला आणि चुलीत घालायला शिपायाला देऊन टाकला. माझ्या वर्गात मार नाही, त्यांनी सांगितलं. ज्याची चूक झाली त्यानं उभं राहायचं, काय चुकलं ते सगळ्यांना ऐकू येईल असं, शब्द न गिळता सांगायचं. सांगितलं की मी म्हणणार, झालं, तू मोकळा. मग त्या चुकीचं नाव कोणी काढायचं नाही. मुलांना आधी ते खरं वाटेना. मग वाटलं, आणि काय वर्ग झाला तो. इतर वर्गांतली मुलं खिडकीशी येऊन बघत. तपासणीला आलेले साहेब गहिवरले, एका पेपरात त्यावर लेख आला, आणि गुरुजी पुढे आयुष्यभर दर शिक्षकदिनाला ही गोष्ट सांगत राहिले. विधानसभेतही त्यांनी ती एकदा सांगितली होती आणि बाकं वाजली होती.

रज्जाक त्या वर्गातला. त्याचा बाप खांद्यावर धनुकली घेऊन गावोगाव कापूस पिंजत फिरायचा, गाद्या-रजया भरून द्यायचा, आणि पोराच्या केसांत सदा कापसाचे पुंजके अडकलेले असायचे. उर्दू शाळा लांब म्हणून बापानं त्याला मराठी शाळेत घातलं होतं. हुशार नव्हता तो. पण कबुली द्यायला सगळ्यांच्या आधी उभा राहायचा, कधी कधी तर काय चुकलं ते कळायच्या आतच. "चूक माही हाये गुर्जी," असं तो जवळजवळ आनंदानं म्हणायचा, कारण ते म्हटलं की जगात आपल्याला कोणी हात लावणार नाही अशी त्याची खात्री होती. गुरुजींना त्याचं कौतुक वाटे. तोच आज पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी उभा राहिला, त्यानं सगळ्यांना ऐकू येईल असं सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि मग तो थांबला होता. कशासाठी थांबला होता हे गुरुजींना तेव्हा वॉर्डात कळलं नव्हतं. आता काच वर केलेल्या गाडीत कळलं. झालं, तू मोकळा, हे ऐकण्यासाठी तो थांबला होता, आणि ते न म्हणताच आपण पुढच्या खाटेकडे वळलो होतो.  आणि मग त्याच्याही खालचं काहीतरी वर आलं, जे इतक्या वर्षांत कधी मनात आलं नव्हतं: त्या वर्गात आपण स्वतः एकदाही उभे राहिलो नव्हतो. कोणी म्हटलंच नव्हतं. नियम मुलांसाठी होता.

आपण कोणीतरी वेगळे होतो, मग कधीतरी असे झालो, असं त्यांना वाटून घ्यायचं होतं, आणि गाडी धावत असताना ते तो सांधा शोधत राहिले. कापसाच्या भावाचं आंदोलन पेटलं तेव्हा? तेव्हा रस्त्यावर बैलगाड्या आडव्या लावून लोक बसले होते आणि कोणीतरी म्हणालं होतं, गुर्जी, तुम्ही बोला, तुमाले सांगता येते. ते बोलले. व्यापारी तोलताना काय करतो ते त्यांनी तागडी हातात धरल्यासारखं करून दाखवलं, आणि म्हातारी माणसं पोरांसारखी हसली, मग रडली. त्या दिवशी त्यांच्या बोलण्यात काही खोट नव्हती. नोकरी सोडली तेव्हा विमलबाई, त्यांची पत्नी, एवढंच म्हणाली होती की पोरायचं काय, आणि त्यांना वाटलं होतं ती आपल्या दोन मुलांबद्दल बोलते. ती शाळेतल्या पोरांबद्दल बोलत होती. मग जिल्हा परिषद, मग विधानसभा. पहिल्या भाषणात ते "मले असं वाटते" म्हणाले आणि पलीकडच्या बाकांवर खसखस पिकली. त्या रात्रीपासून आमदार निवासातल्या खोलीत आरशापुढे उभे राहून ते 'मला' म्हणायला शिकले. की ते बियाणं आलं तेव्हा? नवं बीटी बियाणं आलं तेव्हा कंपनीची माणसं गावात आली होती, गुळगुळीत कागदावरची चित्रं घेऊन, आणि त्यांचं कोणी ऐकेना. मग राजकुमारनं गुरुजींना नेलं. गुरुजींनी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर खडूनं अळी काढली, बोंड काढलं, आणि या झाडाच्या अंगातच औषध आहे, अळी खाते आणि मरते, आता फवारणीची कटकट संपली, असं सांगितलं. ते त्यांना तेव्हा खरंच वाटलं होतं. पहिली काही वर्षं ते खरंही निघालं. नंतर अळी ते पचवायला शिकली. कोरडवाहू जमिनीत बियाणं जळालं, पानं लाल पडली, फवारण्या पहिल्यापेक्षा वाढल्या, माणसांनी जिवाचं बरंवाईट करून घेतलं, आणि गुरुजी एकदा पडले, एकदा पक्ष बदलून निवडून आले, पण त्या भिंतीवरच्या अळीबद्दल त्यांना कोणी कधी जाब विचारला नाही. गुर्जीले तरी काय मालूम, असं लोक म्हणत. सांधा सापडला नाही. प्रत्येक ठिकाणी ते तेच होते, तोच आवाज, तेच समजावून सांगणं. फक्त कोणाच्या वतीनं, एवढंच हळूहळू सरकत गेलं होतं.

घरी विमलबाईनं ताट वाढलं होतं आणि टीव्ही चालू होता. विषबाधा झालेल्या शेतकऱ्याचीच कबुली, अशी पट्टी पडद्यावर खालून सरकत होती, वर रज्जाकचा पट्ट्या बांधलेला चेहरा, आणि त्याच्या खांद्यावर एक हात. हाताच्या मालकाचा चेहरा चौकटीत आला नव्हता. विमलबाईनं विचारलं, हा पिंजाऱ्याचा रज्जाक ना? ईदले शिरखुर्म्याचा डबा आणून द्यायचा तो? गुरुजी हो म्हणाले. तिनं टीव्ही बंद केला आणि पोळी वाढली.  मग मुंबईहून फोन आला. वरच्या माणसानं मनापासून अभिनंदन केलं, गुरुजी, तुमच्या विद्यार्थ्यानं एका वाक्यात सगळं मिटवलं, म्हणाला. आणि, हे त्यांना पुढे फार दिवस टोचत राहिलं, गुरुजी सवयीनं "आपली कृपा" असं म्हणून गेले.

चौकशीला एक समिती आली. तिनं वॉर्डात जाऊन रज्जाकला विचारलं आणि रज्जाकनं तिसऱ्यांदा तेच सांगितलं. राजकुमारच्या दुकानाचं शटर काही दिवस अर्धं खाली होतं, ते पुन्हा वर गेलं. रज्जाकनं ज्याच्या शेतात मजुरीनं फवारणी केली होती तो जानराव म्हणाला की आपण त्याला रुमाल घे म्हणून बजावलं होतं. तसं कोणी कोणाला बजावत नाही हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण टीव्हीवर खुद्द रज्जाकच सांगून चुकला होता, मग जानरावनं का मागे राहावं? असं एकाच्या अंगावर सगळ्यांनी आपापलं ओझं हळूच ठेवून दिलं, आणि तो आपल्या खाटेवर बसून सगळ्यांना हो म्हणत होता. गुरुजींना हे कळत होतं, आणि कळतंय म्हणून आपण थोडे तरी बरे आहोत असं काही दिवस त्यांना वाटलं. मग तेही वाटेनासं झालं.

एका दुपारी ते सहायकाला न सांगता, एकटेच, खामगावला गेले. रज्जाकला डोळे तपासायला खाली नेलं होतं. वॉर्डाबाहेरच्या नळावर शकीला डबा धूत होती. तिनं त्यांना पाहिलं, डोक्यावरचा पदर पुढे ओढला, आणि डबा धुतच राहिली. ती त्यांच्या शाळेत शिकलेली नव्हती, मलकापूरकडची होती, आणि त्यांना गुरुजी म्हणत नसे. गुरुजींनी आजूबाजूला कोणी नाही असं बघून घेतलं. ते बघून घेतलं हे तिनं पाहिलं. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, की रज्जाकची चूक नव्हती, औषधच खराब होतं, हे मला माहीत आहे, त्याला मी तसं सांगणार आहे.

"मले मालूम हाये सायेब," शकीला म्हणाली. "त्याले नका सांगू. तुम्ही काहीबी सांगतलं तर तो हाव म्हनते. जिथं पयले सांगतलं तिथं सांगा ना. टीवीवाल्याले. हे माह्या कानात सांगाची गोष्ट नाही."

नळाचं पाणी डब्यात पडून उडत होतं, गुरुजींच्या पांढऱ्या पायजम्यावर शिंतोडे येत होते. त्यांनी पुष्कळ काही म्हणायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "बघतो." शकीलानं नळ बंद केला, डबा झटकला आणि ती आत गेली. तिनं रागावून बघितलंही नाही. एखाद्या दुकानात आपल्याला हवी ती वस्तू नाही असं कळल्यावर माणूस जसा वळतो तशी ती वळली.

जे करता येत होतं ते गुरुजींनी केलं, आणि झटून केलं. रज्जाकला मुंबईला डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, ओळखीचे डॉक्टर गाठले, नवरा-बायकोला आपल्या सरकारी बंगल्यातल्या मागच्या खोलीत ठेवलं. उजवा डोळा गेला तो गेलाच. डावा हळूहळू परत आला. आधी उजेड, मग माणसांच्या आकृत्या, मग चेहरे. पट्टी सुटल्यावर त्यानं पाहिलेला पहिला ओळखीचा चेहरा शकीलाचा, दुसरा गुरुजींचा. म्हातारे झाले गुर्जी, म्हणाला आणि हसला. तो व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचा, शहराचा आवाज ऐकायचा, माळ्याला फुलझाडं लावायला मदत करायचा, येईल त्या पाहुण्याला गुरुजींनी आपल्याला कसं इथवर आणलं ते सांगायचा. आणि गुरुजी मंत्रालयात उगाचच बसून राहत. फायली संपलेल्या असत, शिपाई जांभया देत असे, पण बंगल्यावर जायला पाय निघत नसे. मंत्रालयाच्या खिडकीतून समुद्राचा एक तुकडा दिसे, त्याच्याकडे बघत ते मनाशी वाक्यं जुळवत: रज्जाक, ऐक. रज्जाक, तुला एक सांगायचं आहे. रज्जाक, त्या दिवशी. आयुष्यभर लोकांना समजावून सांगणाऱ्या माणसाला ते वाक्य पुढे नेता येत नव्हतं. बंगल्यावर पोचल्यावर रज्जाक विचारायचा, लय काम पडते काय गुर्जी तुमाले? आणि आतल्या खोलीतून शकीलाच्या भांड्यांचा आवाज क्षणभर थांबायचा. त्याच्या कृतज्ञतेपेक्षा तो थांबलेला आवाज त्यांना सोसवत असे. निदान तिथे कोणाची फसवणूक होत नव्हती.

रज्जाक आणि शकीला जानेफळला परतली, मग निवडणूक आली. जानेफळच्या बाजाराच्या मैदानावर सभा ठरली आणि राजकुमारनं सुचवलं की रज्जाकला बोलू द्या, दोन मिनिटं, लोकांच्या काळजाला हात घालेल. गुरुजी नको म्हणाले. राजकुमार म्हणाला, अहो, तो स्वतःच विचारत होता. आणि ते खरं होतं. संध्याकाळचं ऊन अजून मैदानावर होतं, रज्जाक इस्त्रीचा सदरा घालून आला होता, शकीला बायकांत शेवटी बसली होती. ध्वनिक्षेपक त्याच्या उंचीला करून दिला. तो शब्द न गिळता बोलला. माहा एक डोया गेला, दुसरा गुर्जीनं वाचवला, म्हणाला. "माही चूक असून वाचवला. माह्या बापानं केलं नसतं तेवढं केलं."

टाळ्या झाल्या. गुरुजी उठले. त्यांना सिंचन प्रकल्पाच्या पाण्यावर बोलायचं होतं, कागद खिशात होता. पण रज्जाकचं ते 'चूक असून' ऐकल्यावर त्यांनी कागद खिशातच राहू दिला. त्यांनी माइकचा दांडा दोन्ही हातांनी धरला.   "रज्जाकची चूक नव्हती," ते म्हणाले. "तो म्हणतो, पण नव्हती. चूक माही होती." 'माही' म्हणाले ते, कित्येक वर्षांनी.  त्या गप्प मैदानात त्यांना पुढचं वाक्य स्पष्ट दिसत होतं: औषध काय होतं, कोणी विकलं, मला कधी कळलं. त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. राजकुमार पायावर पाय टाकून बसला होता, त्यानं पाय खाली घेतला होता. आणि ते वाक्य गळ्याशी असताना राजकुमारनंच टाळी वाजवली. मग त्याच्या शेजारच्यानं, मग सगळ्या मैदानानं. काय मोठं मन, कोणीतरी ओरडलं, दुसऱ्याची चूक अंगावर घेते असा नेता दाखवा. म्हातारी माणसं डोळे पुसायला लागली. टाळ्या थांबेपर्यंत गुरुजी उभे राहिले, आणि टाळ्या थांबल्या तेव्हा ते वाक्य गळ्यात नव्हतं. त्यांनी खिशातून कागद काढला आणि ते प्रकल्पाच्या पाण्यावर बोलले. ते पुढे निवडून आले, चांगल्या फरकानं आले, आणि 'चूक माही होती' हे तीन शब्द त्यांच्या फोटोखाली छापून मेहकरपासून खामगावपर्यंत लागले. ती कल्पना राजकुमारची. पण ते नंतरचं.

त्या संध्याकाळी ते मंचाच्या पायऱ्या उतरले तेव्हा खाली रज्जाक थांबला होता. हारवाल्यांना आणि फोटोवाल्यांना त्यानं पुढे जाऊ दिलं. मग एका डोळ्यानं त्यांच्याकडे नीट बघत, मान थोडी वळवून, त्यानं विचारलं, "गुर्जी, तुम्ही आता जे बोलले, ते मले बरं वाटावं म्हनून बोलले, का खरं हाये?"

गुरुजींना दुसरं उत्तर देता आलं असतं. रज्जाकनं तेही मानलं असतं. "खरं हाये," ते म्हणाले.

"तवाबी मालूम व्हतं तुमाले? दवाखान्यात आले तवा?"

"हाव."

 रज्जाक गुरुजींकडे न बघता, मैदानातल्या उठणाऱ्या बायकांकडे बघत, हळू आवाजात म्हणाला, "दोन वर्सं मी शकीलासंग भांडून राह्यलो. ती म्हने औषध खराब व्हतं, ते सायेबाले मालूम हाये. मी म्हनो, नाही, गुर्जी खोटं नाही बोलत. एक डाव हात उचलला मी तिच्यावर, यापायी."

गुरुजींनी त्याच्या खांद्याकडे हात नेला आणि मधेच थांबवला. गाडी सोडून देईल तुला घरापर्यंत, ते म्हणाले. नको, रज्जाक म्हणाला, पायीच जातो, जवळच हाये. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि गुरुजींना राग हवा होता. तो वळला, मैदानाच्या कडेला शकीला चपला घालत उभी होती तिच्याजवळ गेला, आणि तिला काहीतरी बोलला. काय बोलला ते ऐकू आलं नाही. तिनं एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचा डावा हात धरला.

पुढची सभा दुसऱ्या गावात होती. गुरुजींची गाडी बाजारातून बाहेर पडली तेव्हा रस्ता अरुंद होता आणि ती दोघं पुढे चालत होती, ती गटाराच्या बाजूनं, तो रस्त्याच्या बाजूनं. ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला. गुरुजी म्हणाले, वाजवू नको. मग गाडी त्यांच्या मागे मागे, पायी चालणाऱ्याच्या वेगानं, सरकत राहिली. ओट्यांवरच्या लोकांना वाटलं गुरुजी विद्यार्थ्याला घरी पोचवायला निघालेत. कोणीतरी हात जोडले, एका पोरीनं पुढच्या काचेवर झेंडूची फुलं टाकली. रज्जाकला इंजिनाचा आवाज ऐकू आला असावा. कोणाची गाडी आहे हे बघायला त्यानं मान वळवली नाही. शकीलाला थोडं कडेला घेतलं आणि उजवा हात मागे करून, चला, निघा पुढे, अशी खूण केली, कोणत्याही अनोळखी गाडीला करावी तशी. ड्रायव्हरनं गाडी काढली. गुरुजींनी काच खाली करायला बटण दाबलं होतं, ती अर्ध्यावर आली होती, आणि त्यांच्या खिडकीशेजारून, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून, रज्जाकचा चेहरा गेला. ती त्याची उजवी बाजू होती. मिटलेली पापणी, खाली ओघळलेला गाल, कानाजवळचे पिकलेले केस. त्याला आपण दिसलो नाही, हे लक्षात येताच गुरुजींना एकदम सुटल्यासारखं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं हे त्यांना कळलं तोवर गाडी मेहकरच्या रस्त्याला लागली होती, सहायक पुढच्या सभेचा कागद वाचून दाखवत होता, आणि अर्ध्या उघड्या काचेतून वारा आत येत होता. ती काच त्यांनी वर केली नाही, खालीही केली नाही.